गळतीचा इतिहास : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बाहेर का येते

मागील दोन व्याख्यानांत आपण टॉर्क कन्व्हर्टर आणि प्लॅनेटरी गिअरसंच यांची रचना पाहिली. आज त्याच गिअरबॉक्सखाली फरशीवर पडलेल्या लाल डागाचा विचार करायचा आहे. पाठ्यपुस्तकात सील आणि गॅस्केट यांना जेमतेम अर्धे पान मिळते. व्यवहारात मात्र ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाचा खिसा बहुतेक वेळा तेथेच रिकामा होतो. तेल गळते आहे म्हटले की "गिअरबॉक्स उतरवावा लागेल" हे वाक्य गॅरेजमध्ये फार लवकर उच्चारले जाते. कधी ते खरे असते. पण पुष्कळदा दोष कूलरच्या नळीचा, पॅनच्या पॅकिंगचा किंवा चिखलाने बुजलेल्या ब्रीदरचा असतो, आणि मालक ज्या कामाची गरजच नव्हती त्याचे पैसे मोजतो.

हा फरक ओळखायचा तर गळती म्हणजे भोक ही कल्पना आधी सोडून द्यावी लागते. फिरत्या शाफ्टजवळची गळती म्हणजे शाफ्ट, सील आणि तेल या तिघांमधला मोडलेला समझोता होय. गेल्या शंभर वर्षांत या तिघांपैकी एक बदलला की दुसरा कुरकुर करू लागला, असे वारंवार घडले आहे.

सुरुवात जर्मनीत झाली. जहाजाची टर्बाइन वेगाने फिरते आणि पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, या अडचणीवर हर्मान फोटिंगर यांनी द्रवातून शक्ती वाहून नेण्याचा उपाय काढला. त्यांचे पेटंट १९०५ चे आहे. आपण शिकतो तो टॉर्क कन्व्हर्टर आणि फ्लुइड कपलिंग या दोघांचेही मूळ तेथे आहे. त्या जहाजी यंत्रांत काम करणारा द्रव म्हणजे साधे पाणी होते. भोवती समुद्र असताना पाण्याच्या चार थेंबांची चिंता कोण करणार? गळती हा प्रश्न गंभीर झाला तो पाण्याच्या जागी तेल आले आणि जहाजाच्या जागी मोटारगाडी आली तेव्हा.

जनरल मोटर्सची हायड्रा-मॅटिक १९३९ च्या अखेरीस, म्हणजे १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बाजारात आली. मोठ्या संख्येने विकली गेलेली ही पहिली पूर्ण ऑटोमॅटिक ट्रान्समिशन. तिच्यात फ्लुइड कपलिंग आणि पुढे जाण्याचे चार गिअर होते. महायुद्धाच्या काळात तीच यंत्रणा अमेरिकन एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात गेली. त्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि प्रत्येकामागे एक हायड्रा-मॅटिक अशी रचना होती. आपल्या विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसते, पण १ नोव्हेंबर १९४८ रोजी झोजिला खिंडीत भारतीय सैन्याने जे रणगाडे नेऊन शत्रूला चकित केले ते ७ व्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्टच होते. साडेतीन हजार मीटर उंची, बर्फ, आणि यंत्रात दोन ऑटोमॅटिक गिअरबॉक्स! भारतात ऑटोमॅटिक ट्रान्समिशन श्रीमंतांच्या परदेशी गाड्यांतून आली एवढेच सांगितले जाते. ती रणगाड्यातूनही आली होती, हे त्यात जोडायला हवे.

आता आपल्या जबलपूरकडे वळू. हे शहर वाहनांचे आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ मध्ये जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागला. १९६९ मध्ये स्वतंत्र व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. निसान पेट्रोलवर आधारलेल्या जोंगा गाडीच्या नावात तर जबलपूरचा 'ज' आहेच. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतापासून येथे राहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांत कोणी ना कोणी या कारखान्यांत काम केलेले असते. शक्तिमान आणि जोंगा, दोन्हींचे गिअर मात्र हाताने टाकायचे. आत घट्ट गिअर तेल. कागदी पॅकिंगला लाख विरघळवून केलेले शेलॅक लावायचे आणि बोल्ट आवळायचे, हा मेकॅनिकांचा सार्वत्रिक रिवाज होता. गिअरबॉक्सखाली थोडी ओल दिसली तरी कोणी घाबरत नसे. पुढच्या सर्व्हिसला तेल भरून घेतले की झाले.

मग जबलपूरकराचा ऑटोमॅटिक ट्रान्समिशनशी पहिला संबंध कधी आला? माझे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. नैनपूर, बालाघाटमार्गे गोंदियाला जाणाऱ्या छोट्या लाइनवर तो आला. २०१५ मध्ये रुंदीकरणासाठी बंद होण्यापूर्वीच्या काळात या सातपुडा मार्गांवर झेडडीएम वर्गाची डिझेल-हायड्रॉलिक इंजिने धावत. म्हणजे डिझेल इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत फोटिंगरच्या तत्त्वाने, तेलातून जात असे. याच विषयात भारतीय रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी स्वतःची हायड्रो-मेकॅनिकल ट्रान्समिशन शोधली. ती सुरी ट्रान्समिशन या नावानेच ओळखली जाते. त्यांना १९६२ चा भटनागर पुरस्कार मिळाला. पुढे दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिकी अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालक झाले आणि स्वराज ट्रॅक्टरचे काम तेथेच सुरू झाले. गोंदियाला मामाकडे जाणारी आपल्यापैकी कित्येक मुले टॉर्क कन्व्हर्टरच्या मागे बसून प्रवास करत होती, फक्त त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

हाताच्या गिअरबॉक्समधली ओल आणि ऑटोमॅटिकमधली ओल यांत फरक काय? पहिल्यात तेल फक्त वंगण असते. दुसऱ्यात ते एकाच वेळी चार कामे करते : कन्व्हर्टरमध्ये शक्ती वाहते, ५ ते १५ बार दाबाने क्लच आवळते, उष्णता कूलरपर्यंत नेते आणि वंगणही करते. पातळी खाली गेली की वळणावर किंवा चढावर पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दाबली जाते, दाब पडतो, क्लच घसरतो आणि घर्षणाच्या चकत्या काही किलोमीटरांत जळू शकतात. पाझरलेले तेल गरम एक्झॉस्टवर पडले तर धूर, क्वचित आगही. म्हणून येथे "पुढच्या सर्व्हिसला भरू" चालत नाही.

आता सीलकडे येऊ. सायकलच्या पंपातील किंवा रॉकेलच्या स्टोव्हमधील चामडी वायसर आठवा. तो सुकला की पंप हवा धरत नाही. दोन थेंब तेल सोडून तो मऊ केला की पुन्हा चालतो. मोटारगाडीतील सुरुवातीचे सीलही असेच चामड्याचे होते, आणि ते बनवणारेही चामड्याच्या धंद्यातले लोक होते. अमेरिकेतील शिकागो रॉहाइड ही मुळात चामडी पट्टे करणारी कंपनी. जर्मनीतील वाइनहाइमची फ्रॉइडेनबर्ग ही टॅनरी. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसल्यावर फ्रॉइडेनबर्गने सीलकडे मोर्चा वळवला. वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या नावावरून त्यांच्या सीलला 'झिमरिंग' म्हणू लागले. १९३६ मध्ये चामड्याची जागा तेल सोसणाऱ्या कृत्रिम रबराने घेतली. धातूची कडी, रबराची पातळ ओठासारखी कड आणि तिच्यामागे गोल गुंडाळलेली बारीक स्प्रिंग : आज बाजारात साठ-सत्तर रुपयांना मिळणारे ऑइल सील या रचनेपासून फारसे दूर गेलेले नाही.

स्थिर जोडांसाठी असाच साधा शोध नील्स ख्रिस्टेन्सेन यांचा. डेन्मार्कमधून अमेरिकेत गेलेल्या या गृहस्थांनी सत्तरी ओलांडल्यावर ओ-रिंगचे पेटंट मिळवले, साल १९३९. युद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेसाठी अमेरिकन सरकारने ते हक्क घेतले आणि सगळ्या उद्योगाला खुले केले. आज एका ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये डिपस्टिकच्या नळीपासून वायरच्या कनेक्टरपर्यंत डझनावारी ओ-रिंग असतात, आणि गळतीची निम्मी संशयित ठिकाणे हीच.

फिरत्या सीलबद्दल मात्र लोकांचा समज दीर्घकाळ चुकीचा होता. रबर शाफ्टवर घट्ट दाबले जाते म्हणून तेल अडते, असे सर्वांना वाटे. तसे असते तर रबर कोरडे घासून काही तासांत जळाले असते. १९५७ मध्ये ब्रिटनमधील जॅगर यांनी दाखवले की नीट चालणाऱ्या सीलच्या कडेखाली तेलाचा अतिशय पातळ थर असतोच. त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. सील त्या थरावर तरंगते. पुढील संशोधनातून चित्र आणखी स्पष्ट झाले. कडेचे दोन उतार सारखे नसतात. तेलाच्या बाजूचा उतार उभा आणि हवेच्या बाजूचा सपाट ठेवलेला असतो. झीज झाल्यावर कडेवर उठणाऱ्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे आणि या असमान उतारामुळे सील बाहेर आलेले तेल पुन्हा आत ढकलते. चांगले सील हा एक इवलासा पंप आहे. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, कारण दुरुस्तीच्या अर्ध्या चुका ते न कळल्यामुळे होतात.

एक उदाहरण घ्या. कन्व्हर्टरच्या हबवर सीलने पाडलेली चकचकीत रेघ दिसते. मेकॅनिक पॉलिश पेपर हातात धरून हब फिरवतो आणि पेपर हळूहळू पुढे सरकवतो. दिसायला पृष्ठभाग छान होतो. पण त्यावर स्क्रूच्या आट्यांसारखे तिरके ओरखडे उमटलेले असतात. शाफ्ट फिरू लागला की हे आटे स्वतःच पंप बनतात, आणि दिशा उलटी असली तर सील जितके आत ढकलते त्याहून जास्त बाहेर आणतात. नवे सील, नवी गळती. म्हणूनच कारखान्यात सीलखालचा शाफ्ट ग्राइंडिंग चाक बाजूला न सरकवता सरळ आत दाबून घासतात. मेकॅनिकलाही पेपर एकाच जागी धरूनच घासायला सांगावे. रेघ नखाला लागण्याइतकी खोल असेल तर घासण्यात अर्थ नाही; पातळ स्लीव्ह चढवावी किंवा हब बदलावा.

तिसरा भागीदार तेल. सुरुवातीच्या हायड्रा-मॅटिकमध्ये इंजिन तेलाच्या जवळपासचेच तेल घालत. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने 'टाइप ए' हे पहिले खास मानक काढले, १९५७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणि त्या पुढच्या दशकाच्या अखेरीस डेक्स्रॉन. हे तेल इंजिन तेलापासून वेगळे ओळखू यावे म्हणून त्यात लाल रंग मिसळतात. रंगाचा वंगणाशी काहीही संबंध नाही, तो निव्वळ आपल्यासारख्या गळती शोधणाऱ्यांच्या सोयीचा आहे.

त्या तेलात क्लच झटका न देता लागावा म्हणून एक विशेष घटक असे : स्पर्म व्हेलचे तेल. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले आणि हे तेल वापरणे थांबले. निर्णय योग्यच होता, पण गिअरबॉक्सच्या रसायनशास्त्राला त्याने मुळापासून हलवले. पर्यायी घटक शोधताना डेक्स्रॉन-२ चे सुरुवातीचे रूप रेडिएटरमध्ये बसवलेल्या कूलरच्या जोडधातूला खाऊ लागले. पुढच्या आवृत्तीत गंजरोधक घालावा लागला. एका देवमाशाला वाचवल्यावर रेडिएटर गळू लागला, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. पण त्यातले तांत्रिक सूत्र गमतीचे नाही. तेल बदलले की त्याला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू नव्याने तपासावी लागते. कूलरची गळती सर्वात फसवी असते. बाहेर एक थेंबही पडत नाही. तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळून गुलाबी लस्सीसारखा गाळ होतो. तो दिसला तर गाडी सुरूसुद्धा करू नये, कारण कूलंटमधील पाणी आणि ग्लायकॉल क्लचच्या चकत्यांचा गोंद सोडवतात.

रबराचेही तसेच. नायट्राइल रबर साधारण १०० अंशांपर्यंत सुखात राहते, पॉलिअॅक्रिलेट १५० च्या आसपास, आणि १९५७ नंतर बाजारात आलेले फ्लुओरोरबर २०० पर्यंत. खनिज तेल रबराला किंचित फुगवते, आणि सीलची रचना त्या फुगण्याचा हिशेब धरूनच केलेली असते. अधिक शुद्ध कृत्रिम तेल तितके फुगवत नाही, म्हणून त्यात फुगवणारे पदार्थ वेगळे घालतात. बाटलीतून मिळणारे "लीक बंद" द्रव हेच काम जास्त जोराने करतात. वय झाल्याने थोडे आकसलेले सील त्याने काही काळ सुधारते. उष्णतेने कडक होऊन चिरलेले सील मात्र कशानेही मऊ होत नाही. आणि काही ठिकाणी सांगितला जाणारा, गिअरबॉक्समध्ये ब्रेक ऑइल टाकण्याचा उपाय कधीही करू नका. त्याने आतील सगळेच रबर फुगून निकामी होते.

आता निदान. पहिला प्रश्न : हे तेल गिअरबॉक्सचेच आहे का? पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. लाल असेल तर बहुधा तेच, पण पॉवर स्टिअरिंगचे तेलही अनेक गाड्यांत लाल असते. जुने झालेले तेल तपकिरी होते, आणि आजकाल काही उत्पादक पिवळे किंवा हिरवे तेल वापरतात. एसीचे पाणी तर उन्हाळ्यात प्रत्येक गाडीखाली पडते. दुसरा प्रश्न पातळीचा : कमी आहे की जास्त? जास्त भरलेले तेल फिरत्या गिअरांना लागून फेसाळते आणि ब्रीदरमधून बाहेर येते. अशी 'गळती' सील बदलून थांबत नाही, दोन कप तेल काढून थांबते. ब्रीदर बुजला असेल तर आतली गरम हवा दाब निर्माण करते आणि चांगली सीलेही पाझरू लागतात. पावसाळ्यात नर्मदाकाठच्या काळ्या चिखलातून गेलेल्या गाडीत हे आधी पाहावे.

मग स्वच्छता. गिअरबॉक्सचा खालचा सगळा भाग डिग्रीझरने धुऊन कोरडा करायचा, पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवायची, आणि गाडी उचलून वरून खाली पाहत यायचे. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून थेंब पडतो ती जागा उगमाची नसते. सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा खरी. जागा सापडत नसेल तर स्वच्छ भागावर टाल्कम पावडर फवारा; तेल येताच तेथे काळी रेघ उमटते. तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि जांभळ्या प्रकाशाचा दिवा हा त्याहून चांगला मार्ग, आणि तो आता फार महाग राहिलेला नाही.

पॅनजवळ ओल असेल तर बोल्ट आणखी आवळण्याचा मोह आवरा. पातळ पत्र्याचा पॅन बोल्टच्या भोकाभोवती आत दबतो आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते. पॅन काढून त्याची कड सपाट पट्टीवर तपासा, ठोकून सरळ करा, नवे पॅकिंग टाका आणि टॉर्क पान्याने आवळा. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या बेल हाउसिंगमधून थेंब येत असेल तरच गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येते. त्याआधी तेथून येणारे तेल इंजिनाच्या मागच्या सीलचे नाही ना, हे रंगावरून ठरवा. उतरवल्यावर फक्त सील बदलून थांबू नका. पंपातील बुश झिजला असेल तर हब डोलतो आणि कितीही चांगले सील बसवले तरी त्याची कड हबच्या मागे धावू शकत नाही. सीलमागची तेल परत जाण्याची वाट मोकळी आहे का, हेही पाहा. त्या सीलवर खरे तर जवळजवळ शून्य दाब असायला हवा.

आपल्या विद्यार्थ्यांसमोर येणाऱ्या गाड्यांत आणखी एक गुंता आहे. २०१४ च्या सेलेरिओपासून एएमटी मध्यमवर्गात पोहोचली, आणि लोक तिलाही ऑटोमॅटिकच म्हणतात. ती हाताचाच गिअरबॉक्स असते. क्लच आणि गिअर टाकण्याचे काम हायड्रॉलिक यंत्रणा करते. तिच्या गिअरबॉक्समध्ये साधे गिअर तेल, आणि त्या यंत्रणेत वेगळा द्रव थोड्या प्रमाणात. सीव्हीटीचे तेल तिसरेच. गळती थांबवून चुकीचे तेल भरले तर सीव्हीटीचा पट्टा घसरून पुली खराब होते, आणि दुरुस्ती मूळ रोगाहून महाग पडते. तेव्हा सील हातात घेण्यापूर्वी ट्रान्समिशनचा प्रकार आणि तेलाचे मानक गाडीच्या पुस्तिकेतून लिहून घ्यावे.

बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकही नसते. पातळी पॅनमधील ओव्हरफ्लो प्लगमधून तपासायची असते, इंजिन सुरू ठेवून आणि तेल ठरलेल्या तापमानाला असताना. साधारण ३५ ते ४५ अंश, गाडीगणिक थोडे वेगळे. थंड देशात हे सोपे आहे. जबलपूरच्या मे महिन्यात मात्र दुपारी उन्हात उभ्या गाडीतील तेल इंजिन सुरू करण्यापूर्वीच त्या मर्यादेजवळ असते. इंजिन लावून, प्रत्येक गिअर टाकून, प्लग उघडेपर्यंत ते पुढे निघून जाते. गरम तेल प्रसरण पावलेले असल्याने जास्तीचे बाहेर वाहते, आणि थंड झाल्यावर पातळी कमी भरते. हे काम येथे सकाळी सातच्या आत करावे, आणि तापमान हाताच्या अंदाजाने न घेता स्कॅनरवर पाहावे.

पुढील प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक गटाने गॅरेजमधून काढून टाकलेले एक फिरते ऑइल सील आणावे. ते कोणत्या शाफ्टचे, गाडी किती किलोमीटर चाललेली, हे विचारून घ्यावे. भिंगाखाली कडेवरील झिजेच्या पट्ट्याची रुंदी चार ठिकाणी मोजायची आहे. पट्टा एका बाजूला रुंद आणि समोरच्या बाजूला अरुंद आढळला, तर शाफ्ट आणि सीलची जागा यांचे केंद्र एक नव्हते. सगळीकडे सारखाच रुंद आणि रबर नखाने दाबल्यावर दबत नसेल, तर दोष उष्णतेचा.